कमी पडायला नको

“ताई, दुकानदार म्हणतोय 25 किलोवॅटचा बर्नर घ्या. जरा मोठाच असलेला बरा, कमी पडायला नको.”

फोन करणारा मुलगा मूळचा वाशिमकडचा. तो आणि त्याची बायको स्वीडनमधल्या वेक्शोला नोकरी करतात. गेल्या उन्हाळ्यात त्यांनी शहराबाहेर एक जुनं लाकडी घर घेतलं. शहरात राहिले असते तर हा प्रश्नच आला नसता. वेक्शोत 1980 पासून मोठ्या केंद्रात लाकूड जाळून पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या नळांतून घरोघर जातं. पण ते नळ शहराच्या वेशीपाशी संपतात. पुढे स्मोलांडचं जंगल, मधूनमधून तळी, आणि ज्याच्या-त्याच्या तळघरात ज्याची-त्याची भट्टी. यांच्या तळघरात जुना बॉयलर आहे. एका दारात तेलाचा बर्नर, दुसऱ्या दारातून लाकडं घालायची सोय. तेलाचा बर्नर काढून तिथे पेलेटचा, म्हणजे लाकडाच्या छोट्या कांड्या जाळणारा, बसवायचा, एवढंच काम. दुकानदाराने विचारलं, घर किती चौरस मीटरचं? याने सांगितलं, आणि दुकानदाराने लगेच आकडा सांगून टाकला. ते मला खटकलं आणि फोन ठेवल्यावरही खटकतच राहिलं. त्या घरात वर्षाला किती तेल जळत होतं, हे त्याने विचारलंच नाही. जुन्या मालकाने तर तेलाच्या सगळ्या पावत्या फायलीला लावून या मुलाच्या हवाली केल्या आहेत.

त्या पावत्यांतच उत्तर आहे. एक घनमीटर तेलात ढोबळमानाने 10,000 युनिट उष्णता असते. त्यांच्या घराला वर्षाला अडीच घनमीटर लागायचं, म्हणजे 25,000 युनिट. जुन्या बॉयलरच्या धुराड्यातून जाणारी आच वजा केली तर घराच्या वाट्याला 19,000च्या आसपास येतात. इथल्या हिवाळ्यात बर्नर पूर्ण ताकदीने चालला तर किती तास लागतील याचा अंदाज धरून त्याला 2,500 तासांनी भागलं की साडेसात-आठ किलोवॅट निघतात. त्यात अंघोळीचं पाणी धरा, कडाक्याच्या रात्रींसाठी थोडी सूट ठेवा, तरी 12 किलोवॅटचा बर्नर पुरून उरतो. उणे 15चा आठवडा वर्षातून एखादा. बाकीचे सगळे महिने शून्याच्या थोडे वर-खाली. अशा दिवसांत 25 किलोवॅटचा बर्नर थोडा वेळ भडकतो, बॉयलरमधलं पाणी तापवतो आणि विझतो. पाणी निवलं की पुन्हा पेटतो. ऑक्टोबरात आणि एप्रिलमध्ये दिवसभर हेच चालतं. पेलेटचा बर्नर सगळ्यात घाण धूर सोडतो तो पेटताना आणि विझताना. डालार्नाच्या विद्यापीठात सौरऊर्जा आणि पेलेट यांच्या जोडकामावर अभ्यास झाला, त्यातही हेच पुढे आलं: कार्बन मोनॉक्साइडचा मोठा वाटा सुरू-बंद होण्याच्या मिनिटांतला. एकदा पेटला की तासन्‌तास मंद, एकसारखा जळणारा बर्नर हवा. बॉयलरला जोडून पाचशे-साडेसातशे लिटरची साठवणीची टाकी असेल तर सोन्याहून पिवळं. टाकी भरेपर्यंत बर्नर सलग चालतो, मग बराच वेळ निवांत राहतो.

पण त्या मुलाला दोष कसा देणार? ‘कमी पडायला नको’ ऐकतच आपण मोठे झालो. पंगतीत बुंदी कमी पडायला नको, प्रवासात डबा कमी पडायला नको, पाहुणे आले तर अंथरुणं कमी पडायला नकोत. त्यात माया असते, आणि ती मला आजही हवीशी वाटते. शिवाय पहिल्या हिवाळ्याची धास्ती काय असते ते मला ठाऊक आहे. दुपारी तीनला अंधारून येतं, खिडकीच्या काचेवर आतून दव धरतं, आणि परक्या मुलुखात आपल्या घरातली ऊब एका लोखंडी पेटीच्या हाती आहे, ही जाणीव पोटात गोळा आणते. विकणाऱ्याला ती धास्ती बरोबर कळते. जाळाचं माप मात्र धास्तीने ठरवता येत नाही.

हे मला मिरजेत कळलं होतं, अर्थात तेव्हा त्याचे शब्द माझ्याकडे नव्हते. आमच्या वाड्यामागे लाकडाची वखार होती. दिवसभर करवतीचा आवाज यायचा, आणि सागाच्या, आंब्याच्या भुशाचा वास दुपारच्या उन्हात गल्लीभर पसरलेला असायचा. आज्जी तिथून पोत्याने भुसा आणवायची. भुशाची शेगडी ज्यांनी पाहिली आहे त्यांना सांगायला नको. तेलाच्या डब्याची केलेली, खाली एका बाजूला तोंड. त्या तोंडातून एक दांडी आत सरकवायची, डब्याच्या मधोमध बाटली उभी करायची आणि भोवतीने भुसा ठासायचा. मग बाटली गोल फिरवत फिरवत अलगद वर काढायची, दांडी ओढून घ्यायची. आत भोक तयार. खालच्या तोंडातून हवा शिरायची, भोकातून वर जायची आणि भुसा आतून बाहेर जळत यायचा. नीट भरलेली शेगडी सकाळी पेटवली तर अंघोळीची पाणी तापून, वरणभात होऊन, वर दुपारच्या चहापर्यंत धग राहायची.

सगळी करामत ठासण्यात होती. सैल भरलं तर भुसा कोसळून भोक बुजायचं आणि शेगडी घरभर धुपायची. फार गच्च ठासलं तर वरवर जळून विझायची. भुसा दमट असेल तर डोळ्यांना पाण्याच्या धारा. आज्जी हाताच्या पंजाने दाबत जायची, थोडा भुसा टाकून पुन्हा दाबायची, आणि कुठे थांबायचं ते तिच्या हाताला कळायचं. मोठा जाळ तिला मुळीच आवडत नसे. जाळ डब्याच्या वर आला की ती खालच्या तोंडाशी पत्र्याचा तुकडा सरकवून हवा मोडायची. “भांड्याला लागेल एवढाच हवा, वर जातो तो वाऱ्याला जातो,” असं म्हणायची.

पेलेट म्हणजे तोच भुसा.

वखारीतला वाळवलेला, बारीक केलेला भुसा लोखंडी साच्याच्या भोकांतून प्रचंड दाबाने काढतात. दाबाने आणि घर्षणाने तो तापतो. लाकडातलं लिग्निन मऊ होतं आणि गार होताना तेच भुशाला धरून ठेवतं. वेगळा डिंक लागत नाही. 6 मिलिमीटर जाडीची, तुकतुकीत, पिवळसर तपकिरी कांडी बाहेर पडते. चांगल्या प्रतीच्या पिशवीवर ‘ईएनप्लस ए1’ असं लिहिलेलं असतं: ओल जास्तीत जास्त 10 टक्के, राख 0.7 टक्क्यांच्या आत. दोन किलो पेलेटमधून साधारण लिटरभर तेलाएवढी उष्णता मिळते. पिशवी फोडली की ताज्या रंधलेल्या पाइनचा वास तळघरभर सुटतो. कांडी पाण्यात टाकली तर काही मिनिटांत फुगून पुन्हा भुसा होते, म्हणून पिशव्या फरशीवर न ठेवता लाकडी फळ्यांवर रचायच्या. ओलाव्याशी या जळणाचं वैर आहे.

बर्नर निवडताना किलोवॅटइतकंच महत्त्वाचं ठरतं ते पेलेट जाळापर्यंत पोचतात कसे, हे. काहींत ते वरून जाळीवर पडतात, काहींत खालून वर ढकलले जातात, काहींत मागून पुढे सरकतात. वरून पडणाऱ्यांत जाळ छान आवरता येतो, पण राख जाळीतच साठते, म्हणून जाळी वरचेवर खरवडावी लागते. पुढे सरकणाऱ्यांत नवे पेलेट जुनी राख आपोआप पुढे लोटतात. स्वस्त माल घेतला तर हा फरक चांगलाच जाणवतो. सालीबरोबर आलेली वाळू आचेने वितळते आणि जाळीत राखेचे काचेसारखे टणक खडे होतात. ते हवेची भोकं बुजवतात. आता हलती जाळी असलेले आणि दाबाच्या हवेने स्वतःच साफ होणारेही बर्नर मिळतात. माझं मत विचाराल तर ज्याची जाळी पान्याशिवाय, हाताने, मिनिटभरात बाहेर काढता येते तो घ्यावा. जे साफ करणं सोपं असतं तेच आपण साफ करतो. जानेवारीच्या काळोख्या संध्याकाळी कामावरून आल्यावर कोण चार स्क्रू सोडवत बसणार?

आणखी एक गोष्ट मी सोडत नाही: हॉपरमधून, म्हणजे पेलेटच्या पेटीतून, माल पुढे आणणारा फिरता स्क्रू आणि बर्नर यांच्यामध्ये प्लॅस्टिकची नळी असते ना, तिच्यावर विश्वास ठेवावा, तिला बदलून लोखंडी पाइप लावायच्या फंदात पडू नये. ती मुद्दामच वितळणारी असते. जाळ उलटा मागे आला तर ती वितळून तुटते आणि आग हॉपरपर्यंत पोचत नाही.

बर्नर घरी आला, बसला, पेटला, की दुकानदाराच्या लेखी काम संपतं. घरच्यांचं तिथे सुरू होतं.

त्या रविवारी तो मुलगा आणि त्याची बायको आमच्याकडे आले, तेव्हा मी त्यांना आधी तळघरात आमच्या पेलेटच्या बर्नरपाशी नेलं. स्वयंपाकघरातला वजनकाटा बरोबर घेतला. बर्नर बंद करून गार होऊ दिला, ती प्लॅस्टिकची नळी बर्नरवरून काढली आणि तिचं तोंड बादलीत सोडलं. मग फक्त स्क्रू चालू केला आणि मोबाइलवर 6 मिनिटं लावली. सुपात ज्वारी पाखडावी तशी सळसळ होत पेलेट बादलीत पडत होते. स्क्रू थोडा फिरतो, थांबतो, पुन्हा फिरतो. तसा तो आवाजही थांबत-थांबत येतो. सहा मिनिटांनी बादलीतला माल वजनकाट्यावर घातला: 295 ग्रॅम. त्याची दहापट तासाचा खुराक, म्हणजे 2.95 किलो. किलोमागे 4.8 युनिट धरले तर 14 किलोवॅट बर्नरमध्ये जातात आणि धुराड्याचा वाटा गेल्यावर 12 पाण्याला मिळतात. मुलाच्या बायकोने वहीत आकडे मांडले आणि म्हणाली, “म्हणजे पेटीवर लिहिलेले किलोवॅट खरे नाहीत, बादलीतले खरे.” मला तिचा हा हिशेब फार आवडला.

हे वजन एकदा करून भागत नाही. घनमीटरभर पेलेटचं वजन 600 किलो असू शकतं, 750 किलोही असू शकतं, आणि दोन्ही माल नियमात बसणारे. कांड्या लांब असल्या की मध्ये पोकळी जास्त राहते आणि स्क्रूच्या एका फेऱ्यात माल कमी येतो. आखूड असल्या की जास्त येतो. पंखा मात्र आहे तेवढीच हवा देत राहतो. मागच्या शरद ऋतूत आमच्याकडे पेलेटची नवी गाडी आली तेव्हा तेवढ्याच वेळात 340 ग्रॅम पडले. तो माल तसाच चालवला असता तर आठवड्याभरात बॉयलरच्या भिंतींवर काजळीची साय धरली असती, आणि काजळी म्हणजे गोधडीच, आच पाण्यापर्यंत जाऊच देत नाही. म्हणून नवा माल आला की वजन करायचं, स्क्रूच्या थांब्याचा वेळ थोडा वाढवायचा किंवा कमी करायचा, आणि मगच हवेकडे वळायचं.

हवेचं माप डोळ्यांना दिसतं. बॉयलरच्या दाराला छोटी काच आहे. तिच्यातून पाहिलं तर नीट जळणारा जाळ पिवळाधमक, जिवंत, टोकाला स्वच्छ असतो. नारिंगी होऊन आळसावला आणि टोकं काळी पडली तर हवा कमी. पांढराशुभ्र, आखूड, फुरफुरणारा झाला आणि ठिणग्या उडून राखेबरोबर जाऊ लागल्या तर हवा जास्त, आणि मग आज्जीच्या भाषेत आच वाऱ्याला जाते. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पंख्याचा आकडा थोडा हलवायचा, बॉयलर पुरता तापेपर्यंत थांबायचं, मग पाहायचं. शेवटचा निवाडा मात्र यंत्राकडून घ्यावा. तंत्रज्ञ धुराड्यात नळी घालून वायू मोजतो. कार्बन डायऑक्साइड 12-13 टक्क्यांच्या घरात आणि कार्बन मोनॉक्साइड नगण्य असला की हवेचं आणि जळणाचं जमलं. डोळ्याला 13 आणि 9 यांतला फरक सहसा कळत नाही, आणि त्या फरकाची किंमत हिवाळाभर पोत्यांत मोजावी लागते.

धुराड्याचं दुखणं वेगळंच. या जुन्या घरांची धुराडी विटांची, रुंद, लाकडाच्या किंवा तेलाच्या मोठ्या जाळासाठी बांधलेली. त्यांत पेलेटच्या छोट्या बर्नरचा थोडासा, कोमट धूर सोडला तर तो वर जाईपर्यंत निवतो, त्यातली वाफ विटांवर पाझरते आणि थंडीत गोठून विटा फोडते. माळ्यावर धुराड्याच्या अंगावर तपकिरी ओघळ दिसले की समजायचं. म्हणून धूर धुराड्याच्या तोंडापासून मीटरभर खाली निदान 60-70 अंश तरी असावा, असं इथले धुराडं साफ करणारे सांगतात. त्यावर उपाय म्हणजे धुराड्याला एक झुलती झडप बसवायची. ओढ जास्त झाली की ती आपोआप उघडते, तळघरातली कोरडी हवा आत घेते आणि धुराडं सुकं ठेवते. बॉयलरच्या आतही थोडी ओढ हवीच, पंधरा पास्कलच्या आसपास. फार ओढ म्हणजे आच पळाली, अजिबात नाही म्हणजे धूर तळघरात. त्या मुलाच्या घराचं धुराडं मी पाहिलेलं नाही. बर्नर घेण्याआधी साफसफाईवाल्याला बोलावून आतून कॅमेरा घालून घ्या, एवढं मी त्याच्याकडून कबूल करून घेतलं. छोटा बर्नर घ्या म्हणून मीच सांगते आहे, तर त्याच्या मागोमाग येणारं हे दुखणंही मीच सांगायला हवं.

एक गोष्ट मी जरा चढ्या आवाजातच सांगितली. पेलेट नुसते पडून असले तरी त्यांच्यातल्या मेदाम्लांचा हवेशी संयोग होऊन कार्बन मोनॉक्साइड निघतो. ना वास, ना रंग. नोव्हेंबर 2006 मध्ये हेलसिंगबोर्ग बंदरात पेलेट घेऊन आलेल्या जहाजावर एका खलाशाचा जीव गेला. तो मालाच्या कोठारात उतरला नव्हता, शेजारच्या जिन्यात गेला होता. घरातल्या रचलेल्या पिशव्यांचं आणि छोट्या हॉपरचं भय नाही, हवा खेळती ठेवली की झालं. पण टनांनी माल ओतून घ्यायची बंद खोली कुणी बांधत असेल तर आत डोकं घालण्याआधी दार बराच वेळ सताड उघडं ठेवावं, आणि तळघरात कार्बन मोनॉक्साइडचा गजर लावावा. या बाबतीत मात्र कमी पडायला नको.

वर येऊन पोहे खाताना त्याने विचारलं, “ताई, मग तुम्ही हीट पंप का नाही घेतला? आता सगळे तेच घेतात.” हीट पंप म्हणजे विजेवर चालून बाहेरच्या हवेतली किंवा जमिनीतली ऊब घरात आणणारं यंत्र. प्रश्न रास्त होता. 1991 मध्ये स्वीडनने कार्बन कर लावला तेव्हापासून तेल महाग होत गेलं, आणि 2000 नंतरच्या दशकात तेलाच्या जागी पेलेट घेणाऱ्यांची गर्दी होती. मग पंप आले आणि बहुतेक घरं तिकडे गेली. आम्ही थांबलो ते आमच्या जुन्या रेडिएटरना फार गरम पाणी लागतं म्हणून, आणि वीज म्हणून. विजेच्या दरासाठी देशाचे चार भाग केलेत, आपण इथे दक्षिणेत, चौथ्या भागात. 2022 च्या हिवाळ्यात इथल्या विजेच्या बिलांनी लोकांच्या तोंडचं पाणी पळवलं होतं. पण खरं सांगायचं तर त्याच हिवाळ्यात पेलेटही भडकले. युक्रेनवर हल्ला झाला, रशिया आणि बेलारूसचं लाकूड युरोपात यायचं थांबलं, आणि दुकानांत पिशव्या मिळेनाशा झाल्या. लाकूड शेजारच्या रानातलं असलं तरी बाजार जगाचा असतो. आणि वीज गेली की पेलेटचा बर्नरही बंदच. पंखा, स्क्रू, पाण्याचा पंप, सगळं विजेवर. जानेवारी 2005 मध्ये गुड्रून वादळाने दक्षिण स्वीडनमध्ये साडेसात कोटी घनमीटर लाकूड एका रात्रीत आडवं केलं, तेव्हा या भागातल्या काही घरांत महिनाभराहून अधिक काळ वीज नव्हती. शेजारचे आजोबा अजून त्या रात्रीबद्दल बोलताना खिडकीकडे पाहतात. म्हणून मी त्या दोघांना सांगितलं, बॉयलरचं लाकडाचं दार काढू नका, आणि खोलीतली जुनी लोखंडी चूलही ठेवा.

या जंगलात फिरताना मन एकाच बाजूला राहत नाही. गुड्रूननंतर पुन्हा स्प्रूसचीच लागवड झाली. सरळ रांगा, खाली अंधार, पक्षी कमी. कुठे एकदम सगळं कापून मोकळं केलेलं मैदान लागतं, तिथे मशीनच्या चाकांचे खोल चर पाण्याने भरलेले असतात. तिथे उभं राहिलं की आपल्या तळघरातला पिवळाधमक जाळ आठवतो आणि जरा अवघडल्यासारखं होतं. भुसा जाळण्यात मला काही वावगं वाटत नाही. फळ्या कापल्या की तो निघणारच, मिरजेतही निघायचा. पेलेटसाठी उभं झाड कापणं मला पटत नाही. पिशवीवरच्या शिक्क्यात देशाची अक्षरं आणि कारखान्याचा नंबर असतो. तो नंबर मी बघते, आणि माल सॉ मिलच्या भुशाचा आहे का, ते विक्रेत्याला विचारते. बऱ्याचदा त्यालाही सांगता येत नाही, मग तो कारखान्याला फोन लावतो. आमच्या इथून जवळच्या एका सॉ मिलला लागून असलेल्या कारखान्याचा माल मिळाला तर तोच उचलते. तो पिशवीमागे थोडा महाग पडतो, पण त्याची राख कमी निघते आणि भुसा कुठून आला ते मला माहीत असतं. त्या दोघांनाही तोच नंबर लिहून दिला आहे.